निगेटिव्ह रक्तगट, सोयरीक आणि बाळंतपण: माझा अनुभव

माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, हे कॉलेजातल्या रक्तदान शिबिरात कळले तेव्हा घरात कोणाला त्याचे काही वाटले नव्हते. परंतु सोयरीक पाहायला सुरुवात झाली, तशी बायोडाटातली तीच ओळ लोक आधी वाचू लागले. पुलगावकडच्या एका स्थळाने होकार देऊन नंतर नकार कळवला आणि मध्यस्थाने कारण सांगितले, "निगेटिव्ह रक्ताच्या पोरीले लेकरू टिकत नाही म्हणते." दुसऱ्या ठिकाणी पत्रिकेत एकनाड निघाली आणि एकनाड म्हणजे दोघांचे रक्त एकच, असा अर्थ लावून तेही लोक थांबले. नाड ही जन्मनक्षत्रावरून ठरते आणि रक्तगट तर कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली आपला शोध प्रसिद्ध केल्यानंतर जगाला माहीत झाले, त्यामुळे या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीही संबंध नाही. नवराबायकोचा रक्तगट एकच असल्यामुळे मुलांना दोष होतो, हाही आमच्या भागात घट्ट रुजलेला निव्वळ गैरसमज आहे.

आर्वी तालुक्यातले सध्याचे माझे सासर ठरले, ते माझ्या पतीच्या मामांमुळे. ते आरोग्यसेवक असल्याने बैठकीत त्यांनी स्पष्ट सांगितले की, रक्तगटाचे पुढे पाहता येईल, त्याला उपाय आहे. लग्नाआधी पाहायचे असेल तर दोघांचे सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून मुलाला येणारा रक्ताचा आजार, पाहा. विदर्भात, त्यातही पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि तरीही सोयरिकीत हा प्रश्न विचारणे लोकांना अपमानाचे वाटते, याचे मला अजूनही दुःख होते. ग्रामीण रुग्णालयात आम्हा दोघांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो नळीतल्या द्रावणात टाकला आणि काही मिनिटांनी ती नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरली. माझ्या नळीतून मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या, यांच्या नळीतले द्रावण गढूळ राहिले आणि रेघा दिसल्या नाहीत. पुढे हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीत हे वाहक असल्याचे, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा अंश मुलाला देऊ शकतात असे, नक्की झाले. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर मूल फार तर वाहक होते, त्याला आजार होत नाही. एवढे समजून घेऊन दोन्ही घरांनी लग्न ठरवले.

दिवस राहिल्यावर उपकेंद्रात नाव नोंदवले आणि रक्तगट पुन्हा तपासला. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवून एकात निळे, दुसऱ्यात पिवळे आणि तिसऱ्यात बिनरंगी द्रावण मिसळले. पिवळ्यातल्या रक्ताचे नासलेल्या दुधासारखे दाणे झाले, म्हणजे गट बी; बिनरंगी द्रावणातला थेंब मात्र तसाच एकसंध राहिला, म्हणजे आरएच निगेटिव्ह, तांबड्या पेशींवर आरएच हा घटक नसलेला. सिस्टरांनी लगेच यांचाही रक्तगट मागितला, कारण पतीही निगेटिव्ह असता तर पुढचे काही करावेच लागले नसते. हे ओ पॉझिटिव्ह निघाले. मग इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची तपासणी झाली. आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारे रक्तातले घटक) आधीच तयार झाली आहेत का, हे तिच्यातून कळते. माझ्या रक्तात ती नव्हती.

त्या दिवशी सासूबाई सोबत होत्या. सिस्टर समजावून सांगत होत्या की, बाळंतपणात वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते, आईचे शरीर त्याला परके समजून प्रतिपिंडे तयार करते, पहिले मूल बहुधा सुखरूप राहते, परंतु पुढचे मूल पॉझिटिव्ह असेल तर हीच प्रतिपिंडे वारेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्याला पोटातच रक्तक्षय किंवा जन्मताच जोराची कावीळ होते. हे ऐकून सासूबाई एकदम म्हणाल्या, "माह्ये दोन लेकरं असेच पिवळे पडून गेले बाई, पहिला तेवढा वाचला." तो वाचलेला पहिला मुलगा म्हणजे माझे पती. सिस्टरांनी सासूबाईंचाही रक्तगट तपासला, तेव्हा तो ओ निगेटिव्ह निघाला. डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की, त्या वेळच्या तपासण्या नसल्याने आज खात्रीने सांगता येणार नाही, पण कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. बाहेरची बाधा, कोणाची तरी नजर असे बोल त्यांनी आयुष्यभर ऐकून घेतले होते. आईच्या रक्तात ही प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे अँटी-डी इंजेक्शन जगात १९६८ पासून वापरात आले होते. आमच्या गावातल्या घरच्या बाळंतपणांपर्यंत ते पोहोचलेच नाही.

सासूबाईंच्या रक्तगटावरून आणखी एक गोष्ट उलगडली. आई निगेटिव्ह असल्यामुळे यांच्याकडे पॉझिटिव्हचा एकच अंश असणार, म्हणून आमचे बाळ निगेटिव्ह निघण्याची शक्यताही निम्मी होती. परंतु ते जन्मानंतरच कळणार असल्यामुळे अठ्ठाविसाव्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन घेणे आवश्यकच होते.

ते दिवस मे महिन्याचे होते. तालुक्याला इंजेक्शन मिळाले नाही, म्हणून यांनी ते वर्ध्याहून आणले. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि ते गोठूही द्यायचे नसते. त्यामुळे दुकानदाराने कुपी कागदात गुंडाळून, बर्फाला थेट लागणार नाही अशी, बर्फाच्या डब्यात ठेवून दिली, आणि वर्ध्याच्या त्या उन्हात हे कुठेही न थांबता मोटारसायकलने रुग्णालयात पोहोचले. इंजेक्शन देण्यापूर्वी माझी कूम्ब्स तपासणी पुन्हा झाली, तीही निगेटिव्ह आली. प्रतिपिंडे एकदा तयार झाली की या इंजेक्शनचा उपयोग होत नाही, म्हणून हा क्रम पाळावा लागतो.

पुढे एका खासगी लॅबमध्ये इतर तपासण्यांबरोबर हीच तपासणी परत झाली आणि अहवालात 'पॉझिटिव्ह' असे छापून आले. घरात रडारड झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कार्डावरची इंजेक्शनची तारीख पाहिली आणि सांगितले की, इंजेक्शनमधून दिलेली प्रतिपिंडेच काही आठवडे रक्तात दिसतात. ती अल्प प्रमाणात असतात आणि बाळाला त्यांचा त्रास होत नाही. लॅबवाल्यांनी इंजेक्शनबद्दल विचारलेच नव्हते. ज्यांना हे इंजेक्शन मिळाले आहे त्यांनी त्याची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहून घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणी ती आपण होऊन दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माझे माहेर नाल्यापलीकडे असून पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद होतो, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास आईला ७२ तासांच्या आत दुसरे इंजेक्शन मिळायला हवे. म्हणून बाळंतपण सेवाग्रामच्या रुग्णालयात करायचे ठरले; आई नाराज झाली, पण शेवटी तीच सेवाग्रामला येऊन राहिली. मुलगी जन्मली तेव्हा नाळेतले रक्त घेऊन तिचा रक्तगट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना आईची प्रतिपिंडे चिकटली आहेत का, हे दाखवणारी तपासणी) आणि काविळीचे प्रमाण सांगणारे बिलिरुबिन तपासले. ती ओ पॉझिटिव्ह होती, कूम्ब्स निगेटिव्ह होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला इंजेक्शन मिळाले.

माझ्या चुलत जावेचाही गट निगेटिव्ह आहे. तिचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला, तेव्हा "मूल झालंच नाही, मग इंजेक्शन कायले?" असे घरचे म्हणत होते. परंतु गर्भपात, गर्भनलिकेतील गर्भ किंवा गर्भारपणात पोटाला बसलेला मार, यांतही बाळाचे रक्त आईत मिसळू शकते, हे सासूबाईंनीच त्यांना सांगितले आणि त्याच दिवशी तिला दवाखान्यात पाठवले.

आता मला पुन्हा दिवस गेले आहेत. पहिल्या भेटीतली इनडायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह आली आहे. पुढची तपासणी आणि त्यानंतरचे इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे तूर निघण्याच्या सुमारास आहे, आणि ते कुठे मिळेल याची चौकशी यांनी आतापासूनच करून ठेवली आहे.