कोपनहेगन आणि उलटं पायडल

हॉटेलांचे दर बघूनच पोटात गोळा आला, म्हणून हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीतला वरचा बंक घेतला आणि तीन दिवसांसाठी सायकल भाड्याने. डेन्मार्कचा एक क्रोन म्हणजे तेव्हा बारा-तेरा रुपये. गुणाकार करत बसलं की कॉफीही घशाखाली उतरत नाही.

सायकल काय, शाळेत असल्यापासून चालवतोय, ही घमेंड पाच मिनिटांत उतरली. उतारावर आपण उगाच पायडल उलटं फिरवत टिकटिक करत जातो ना, ती सवय नडली. माझ्या त्या सायकलचा मागचा ब्रेक पायडलमध्येच होता. उलटं फिरवलं की चाक जाम! द्रोनिंग लुईसेस पुलावर, ऐन ऑफिसच्या वेळेला मी तसा गचकन थांबलो. मागून घंट्यांचा गजर. एक आजी शेजारून जाताना काहीतरी बोलल्या. डॅनिश येत नाही ते बरंच. थांबण्याआधी हात वर करायचा असतो, हे मागाहून कळलं.

दुसरा धडा डावीकडे वळण्याचा. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे त्यांचं डावं वळण आपल्या उजव्यासारखं अवघड. मी पुणेरी पद्धतीने हात दाखवून रस्त्याच्या मध्यात घुसलो आणि गाडीवाल्याची बोलणी खाल्ली. सायकलने आधी चौक सरळ ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबायचं, तिकडचा सिग्नल हिरवा झाला की मग डावीकडे निघायचं. दोनदा थांबावं लागतं, पण जीव मुठीत धरावा लागत नाही.

एवढं जमल्यावर मजाच मजा. २०१४ साली सुरू झालेला, फक्त सायकलींसाठीचा तो नारिंगी नागमोडी पूल मी विनाकारण चारदा पार केला. तिथून पुढे इस्लँड्स ब्रुगे भागात बंदरातच पोहायची फुकट सोय आहे. पाणी इतकं गार की मी गुडघ्यापर्यंतच गेलो. नोरेब्रो भागातल्या कब्रस्तानात परीकथावाल्या हान्स अँडरसनची कबर बघितली, तिथेही तिकीट नाही. त्याच्या गोष्टीतल्या जलपरीचा पुतळा मात्र सव्वा मीटरचा, गर्दी मावत नव्हती.

जेवण सुपरमार्केटमधल्या काळ्या राय ब्रेडवर आणि चीजवर भागवलं. पाणी नळाचं. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला तेव्हा सायकल घेऊन लोकल ट्रेनमध्ये शिरलो; एस-टोगमध्ये तिचं वेगळं तिकीट लागत नाही. उतरल्यावर सरबताच्या दोन रिकाम्या प्लास्टिक बाटल्या मशीनमध्ये टाकल्या. बाटल्यांच्या अनामतीचे तीन क्रोन परत मिळाले. गुणाकार केलाच.