फ्रेंच क्रियापदे : धातू कुठे संपतो आणि अक्षर कुठे तुटते

गेला महिनाभर मी फ्रेंच क्रियापदांची रूपे वहीत दोन रकान्यांत तोडून लिहीत आहे : पहिल्यात धातू आणि प्रत्यय, दुसऱ्यात उच्चारातील अक्षरे. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचे 'नू पार्लों' (आम्ही बोलतो) हे रूप पहिल्या रकान्यात 'पार्ल् + ओं' असे, तर दुसऱ्यात 'पार्-लों' असे पडते, म्हणजे धातूचा शेवटचा ल् प्रत्ययाच्या स्वराला जाऊन मिळतो. मराठीतही 'बस्' या धातूला 'ऊन' लागले की आपण 'ब-सून' म्हणतो आणि 'तो' लागला की 'बस्-तो'.

या मांडणीमुळे माझी एक जुनी अडचण सुटली. 'सेदे', म्हणजे नमते घेणे, या क्रियापदाच्या 'नू सेदों' या रूपात ए संवृत, म्हणजे तोंड कमी उघडून उच्चारलेला, असतो आणि त्यावर आक्सां एग्यू (é मधली तिरपी रेघ) येतो. 'झ सॅद' (मी नमते घेतो) या रूपात मात्र तो विवृत, म्हणजे तोंड अधिक उघडून उच्चारलेला, होतो आणि त्यावर आक्सां ग्राव्ह (è मधली उलट्या दिशेची रेघ) येतो. मी हा फरक अपवाद म्हणून पाठ केला होता, आणि ती चूक होती. 'सेदों'मधला द् पुढच्या स्वराकडे जातो, म्हणून पहिले अक्षर स्वरान्त राहते; 'सॅद'मध्ये प्रत्ययाचा ए लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, त्यामुळे द् मागच्याच अक्षरात राहतो, ते व्यंजनान्त होते आणि त्यातला स्वर उघडतो. 'लवे' (उचलणे) याचे 'नू लवों' पण 'झ लॅव्ह' हेही त्याच वळणाचे. 'आपले' (हाक मारणे) आणि 'झते' (फेकणे) यांच्या अशा रूपांत चिन्हाऐवजी ल आणि त दोनदा लिहितात. ऐकू मात्र एकदाच येतात.

भविष्यकाळी 'सॅद्-रे' या रूपातही अक्षर व्यंजनान्तच आहे, तरी परंपरेने तिथे आक्सां एग्यू लिहीत. ६ डिसेंबर १९९० रोजी प्रसिद्ध झालेल्या लेखनसुधारणांनी तिथे आक्सां ग्राव्ह सुचवला. जुने लेखनही चालते, पण मला नवे अधिक सयुक्तिक वाटते, कारण ते उच्चाराशी प्रामाणिक आहे.

सध्या 'दॉने' (देणे) या क्रियापदाच्या दोन रूपांवर काम चालू आहे. भविष्यकाळातील 'नू दॉन्-रों' या रूपात मधला दुर्बळ, म्हणजे जेमतेम उच्चारला जाणारा, ए सहज गळतो. संकेतार्थातील (जर-तर अर्थाच्या) रूपात मात्र र् ला लगेच य् जोडलेला असल्याने न्, र्, य् असा व्यंजनांचा ढीग होईल, म्हणून तो टिकतो, आणि दुसऱ्या रकान्यात मी आता 'दॉ-न-र्यों' अशी तीन अक्षरे लिहितो.