प्रिटोरियात सित्से वीर्डाच्या इमारतींमागे

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या चर्च स्क्वेअरला पोचलेला पर्यटक मधल्या क्रुगरच्या, म्हणजे इथल्या जुन्या बोअर प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाच्या, पुतळ्याचा फोटो काढतो आणि निघतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, इथे सकाळभर थांबा. पुतळा मागे ठेवून आधी दक्षिणेकडची राडसाल, म्हणजे जुनं विधिमंडळ, पाहा, मग समोर उत्तरेकडचा न्यायमहाल, म्हणजे कोर्ट. दोन्ही इमारती एकाच वास्तुविशारदाच्या, आणि त्याचं नाव शहराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

सित्से वीर्डा नेदरलँड्सच्या फ्रीसलँडचा, जन्म १८३९. ट्रान्सवालच्या बोअर (डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या) प्रजासत्ताकात तो १८८७ मध्ये आला. आदल्याच वर्षी आजच्या जोहान्सबर्गजवळ विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं होतं. कडकीतल्या सरकारच्या तिजोरीत एकदम पैसा आला आणि विधिमंडळ, कोर्ट, पोस्ट, शाळा सगळंच बांधायला निघालं. ते सारं वीर्डाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातून गेलं.

राडसालची पायाभरणी १८८९ ची, क्रुगरच्याच हातची. जवळचं हॉटेल उंच दिसू नये म्हणून काम चालू असताना वरचा मजला चढवला, असं सांगतात. पाहिल्यावर ते पटतं. युरोपातल्या राजधानीला शोभावी अशी ही इमारत तेव्हाच्या लहानशा गावात उभी राहिली, आणि आपलं राज्य टिकणार हे तिला सगळ्यांना बजावायचं होतं.

राज्य टिकलं नाही. न्यायमहालाचं काम १८९७ ला सुरू झालं, १८९९ ला ब्रिटिश आणि बोअर यांचं युद्ध पेटलं, आणि अर्धवट इमारतीत ब्रिटिशांनी इस्पितळ थाटलं. पुढे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या नेत्यांवरचा १९६३-६४ चा रिव्होनिया खटला इथेच चालला. नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू, अहमद कथराडा यांना जन्मठेप सुनावली गेली ती याच छताखाली. गोऱ्यांच्या प्रजासत्ताकासाठी बांधलेल्या कोर्टात हे घडलं, हे मनात ठेवून दारासमोर उभं राहा.

जाणाऱ्यांसाठी: जोहान्सबर्गच्या विमानतळावरून गाउट्रेन या वेगवान रेल्वेने या, मार्लबरोला गाडी बदला, प्रिटोरिया स्टेशनला उतरा. तिथून पॉल क्रुगर रस्त्याने सरळ उत्तरेला चालत चौक येतो. दिवसाउजेडीच चाला, फोन आणि कॅमेरा बॅगेत ठेवा. न्यायमहाल चालू कोर्ट आहे, त्यामुळे आत जायचं तर आधी दारावर विचारा. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून राडसालचा दर्शनी भाग उजळलेला मिळतो आणि न्यायमहालाचा सावलीत जातो. फोटो काढणाऱ्यांनी हे धरून चालावं. ऑक्टोबरअखेर गेलात तर शहरभर जॅकरँडा जांभळा फुललेला असतो.

चौकातून थोडं चालून स्टाट्स मॉडेल स्कूल नक्की गाठा. हीसुद्धा वीर्डाचीच. युद्धात इथे ब्रिटिश अधिकारी कैदेत होते, आणि १२ डिसेंबर १८९९ च्या रात्री विन्स्टन चर्चिल इथूनच भिंत ओलांडून पळाला. शाळेशेजारच्या रस्त्याला आज नाना सीतांचं नाव आहे: गुजरातेतून आलेले, प्रिटोरियात राहून वर्णभेदाविरुद्ध सत्याग्रह करत तुरुंगात गेलेले. त्या पाटीपाशी मी बराच वेळ थांबलो.

हातात वेळ असेल तर जोहान्सबर्गचं रिसिक स्ट्रीट पोस्ट ऑफिस पाहा, तेही वीर्डाचंच, १८९७ चं. घड्याळाचा मनोरा ब्रिटिशांनी नंतर जोडला. २००९ च्या आगीत ते होरपळलं. बाहेरूनच बघायचं, असं धरून जा.