बॅकअप फाइलवरून लॅपटॉपवर डेटाबेस उभा करताना

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसची संगणक प्रणाली मी नाशिकमधून सांभाळतो. बागायतदारांची नोंदणी, त्यांचे प्लॉट, रोजची आवक, प्रतवारी आणि देयके हे सारे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असते, आणि ऐन हंगामात त्या चालू सर्व्हरवर प्रयोग करणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे अहवालात बदल करायचा असो वा न जुळणाऱ्या बेरजेचा शोध घ्यायचा असो, रात्रीच्या बॅकअपवरून लॅपटॉपवर स्वतंत्र डेटाबेस उभा करून मगच मी कामाला लागतो. ज्या आज्ञेने हे होते ती एका ओळीची आहे, म्हणून हे काम किरकोळ समजले जाते. मला मात्र त्या ओळीच्या आधीचे वाचन आणि नंतरची पडताळणी हाच या कामाचा गाभा वाटतो.

सर्वप्रथम फाइल कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. बॅकअप घेणारी पीजी_डम्प ही आज्ञा साध्या मजकुराची एसक्यूएल (डेटाबेसच्या आज्ञांची भाषा) फाइलही बनवते आणि ‘कस्टम’ नावाची संकुचित फाइलही; पहिली पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाने चालवायची असते, दुसरी पीजी_रिस्टोअर या बॅकअप परत भरणाऱ्या साधनाने. फाइलच्या नावामागे काय लिहिले आहे यावर विसंबू नये, कारण ते देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कस्टम फाइल असेल तर पीजी_रिस्टोअरच्या ‘लिस्ट’ पर्यायाने, काहीही न बदलता, आतल्या सर्व गोष्टींची यादी मिळते आणि तिच्या माथ्यावर मूळ सर्व्हरची आवृत्तीही दिसते. नव्या आवृत्तीतून घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत बसेलच याची हमी नसते. म्हणून सर्व्हरवर जी मुख्य आवृत्ती असेल तीच लॅपटॉपवर ठेवणे उत्तम.

या फाइलमध्ये काय नसते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वापरकर्त्यांची खाती, म्हणजे ‘रोल’, संपूर्ण सर्व्हरची असतात, एका डेटाबेसची नव्हेत, त्यामुळे ती पीजी_डम्पमध्ये येत नाहीत आणि ‘अमुक रोल अस्तित्वात नाही’ अशा तक्रारींची रांग लागते. स्थानिक कामासाठी मालकी आणि परवानग्या वगळणारे ‘नो-ओनर’ आणि ‘नो-प्रिव्हिलेजेस’ हे पर्याय दिले की तो प्रश्न सुटतो. प्लॉटच्या सीमा नकाशावर ठेवण्यासाठी पोस्टजीआयएस हे पोस्टग्रेसचे पूरक सॉफ्टवेअर वापरले असेल, तर फाइलमध्ये ते सुरू करण्याची केवळ आज्ञा असते. ते सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर आधीच बसवलेले असावे लागते.

मराठी माहितीच्या बाबतीत सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागते ते रिकामा डेटाबेस तयार करताना. तो ‘टेम्प्लेट०’ या पोस्टग्रेसच्या कोऱ्या साच्यावरून, यूटीएफ-८ एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची युनिकोड पद्धत) स्पष्टपणे सांगून बनवावा, आणि क्रम लावण्याचा नियम, म्हणजे कोलेशन, सर्व्हरवर असेल तोच ठेवण्याचा प्रयत्न करावा. लिनक्सवरील लोकॅलची (भाषा-प्रदेशाच्या नियमसंचांची) नावे विंडोजवर चालतीलच असे नाही, म्हणून डेटाबेस तयार करण्याचे काम फाइलवर न सोपवता स्वतः करणे मला योग्य वाटते. कोलेशन ‘सी’ असेल तर अक्षरे निव्वळ युनिकोडच्या क्रमांकाप्रमाणे लागतात: ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे जातो आणि क्षीरसागर आडनावाचे बागायतदार ‘क’ च्या नावांच्या अगदी शेवटी येतात, कारण ‘क्ष’ तिथे ‘क’, हलन्तचिन्ह आणि ‘ष’ असा साठवलेला असतो. आपल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’ च्या नंतर येतात. एकही नोंद गहाळ नसताना छापील यादीशी लॅपटॉपवरची यादी जुळत नाही, ती बहुधा याच कारणाने. आणि अशा वेळी अहवालाच्या कोडमध्ये दोष शोधत बसण्यात वेळ व्यर्थ जातो.

पीजी_रिस्टोअर एखादी आज्ञा फसली तरी थांबत नाही. पुढे जात राहते आणि शेवटी किती त्रुटी दुर्लक्षित केल्या तेवढे सांगते. ‘एक्झिट-ऑन-एरर’ दिल्यास ते पहिल्याच त्रुटीवर थांबते. पीएसक्यूएलसाठी हेच काम ‘ऑन_एरर_स्टॉप’ करते. तरीही काम त्रुटीविना संपले एवढ्यावर मी समाधान मानत नाही. प्रत्येक मुख्य तक्त्यातील नोंदींची संख्या, शेवटच्या आवक-पावतीची तारीख आणि एखाद्या आठवड्याच्या देयकांची बेरीज छापील अहवालाशी ताडून पाहतो. त्यानंतर तक्त्यांची आकडेवारी गोळा करणारी ‘अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा चालवावी, अन्यथा ताज्या आकडेवारीअभावी सर्व्हरवर झटपट चालणारी क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) इथे रेंगाळू शकते.

आणि अ‍ॅप्लिकेशन सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट अनिवार्य आहे. या प्रतीत खऱ्या शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती आहेत. देयक जमा होताच संदेश पाठवणारी सोय प्रणालीत असेल, तर लॅपटॉपवरच्या चाचणीचा संदेश थेट बागेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचेल, आणि न आलेल्या पैशांसाठी तो बँकेत खेटे घालेल. म्हणून संदेशसेवेची किल्ली (ती सेवा वापरण्याचा गुप्त संकेत) पुसणे आणि मोबाइल व खाते क्रमांकांच्या जागी बनावट आकडे भरणे यासाठी मी एक वेगळी एसक्यूएल फाइल ठेवली आहे आणि डेटाबेस उभा राहताच ती चालवतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण तो नसता तरी विश्वासाने दिलेली ही माहिती जपणे आपल्याकडेच आले असते. मूळ बॅकअप फाइलही काम झाल्यावर लॅपटॉपवरून काढून टाकावी आणि तोवर ती एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच ठेवावी.