तुम्ही विचारलंत म्हणून: एका ट्रकच्या वायरिंगला तीन महिने का लागले

उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारून गेला. "मिस्त्री, नवीन हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचा जुडगा, बांधायला तुम्हाला चार दिवस पुरतात. या जुन्या ट्रकपायी तीन महिने काय करत बसलात?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहितो.

गाडी आली ती टोचन करून, दुसऱ्या गाडीने ओढत. लांब बॉनेट, जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी. मालक तरुण आहे. आजोबांनी गुळाच्या भाड्यावर चालवलेली गाडी त्याला पुन्हा रस्त्यावर बघायची होती. आरसी बुकात साल 1961, मॉडेलच्या रकान्यात नुसतं 'टाटा'. नंबर 1989 मध्ये एमएच पद्धत आली त्याच्या आधीचा, तीन अक्षरी. टाटांनी डाइमलर-बेंझशी 1954 साली पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बांधायला घेतले. 1969 साली करार संपला तशी चांदणीही गेली. म्हणजे चांदणीवरून कळतो तो पंधरा वर्षांचा काळ, गाडी नव्हे. शिवाय चांदणी कुणीही कुठूनही आणून बसवतो.

म्हणून आधी उजव्या बाजूची चासी, पुढच्या चाकाजवळ, तारेच्या ब्रशने घासत बसलो. ग्रीस, माती, रंगाचे चार थर. तासाभराने चासीचा आकडा दिसला, सुरुवात 312 ने, म्हणजे मॉडेल 312. आरसीशी जुळला. इंजिन मात्र जुळेना. इंजिनाच्या पट्टीवर 692 डीआय. यातला 6 म्हणजे सिलिंडर आणि 92 म्हणजे बोअर, सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 312 चं मूळ इंजिन ओएम 312: बोअर 90, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 120, 4580 सीसी. गाडीचं इंजिन कधीतरी बदललं होतं, आणि मालकाच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनाचा आणि वायरिंगचा काय संबंध? तेच सांगतो.

डॅशबोर्ड सोडवला तर मागे तारांचा गुंता. साठ वर्षांत ज्याच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडलेली. मूळ तारांचे रंग उडून सगळ्या सारख्याच मातकट झालेल्या. पण तार जिथे क्लॅम्पखालून किंवा रबराच्या बुचातून जाते तिथे ऊन पोचत नाही. तिथलं रबर सरकवून ओल्या फडक्याने पुसलं की रंग दिसतो. करड्यावर काळी रेघ, म्हणजे डावीकडचं पार्किंग. करड्यावर लाल, म्हणजे उजवीकडचं. पहिल्यांदा ती लाल रेघ दिसली तेव्हा मी गॅरेजातल्या पोराला हाक मारून दाखवली. स्विचच्या पितळेवर आकडेही ठोकलेले होते: 30 म्हणजे बॅटरीतून थेट, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर, 31 म्हणजे अर्थिंग (चासीला जोडलेली, परतीची तार; आम्ही नुसतं 'अर्थ' म्हणतो), 50 म्हणजे सेल्फ, इंजिन फिरवणारा स्टार्टर. ही जर्मन मानकाची भाषा. एकदा ती वाचता आली की अर्धी गाडी आपणहून बोलते.

उरलेली अर्धी बोलेना, कारण तिची भाषा दुसरी होती. कटआउटवर, म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग आवरणाऱ्या डबीवर, आकडे नव्हते. ए, एफ, डी, ई अशी अक्षरं होती. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि कटआउट दोन्ही कधीतरी लुकास या इंग्रजी कंपनीच्या पद्धतीचे बसवले होते. इथे धोका आहे, आणि नव्या पोरांनी हे नीट ऐकावं. जर्मन पद्धतीत तपकिरी तार अर्थची आणि काळी चावीनंतरच्या करंटची. लुकास पद्धतीत तपकिरी तार बॅटरीतून थेट जिवंत, आणि काळी अर्थची. एकाच गाडीत दोन्ही. मी तपकिरी तार अर्थ समजून चासीला लावली आणि बॅटरी जोडली. बॅटरीच्या तारेत मी नेहमी 21 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवतो, म्हणजे शॉर्ट झाला तरी करंट त्या बल्बातूनच जातो आणि आवरला जातो. तो लख्ख पेटला, बाकी काही जळलं नाही. तो बल्ब नसता तर हार्नेस पेटला असता. लुकासची तार घालणाऱ्याने काम त्याच्या पद्धतीने बरोबरच केलं होतं, कुठली तार कशाची हे लिहिलेला कागद तेवढा मागे ठेवला नव्हता.

त्या दिवसापासून एकही तार खुणेशिवाय कापली नाही. प्रत्येकीला कापडी पट्टी, पट्टीवर आकडा, आकडा वहीत. एकशे बारा पट्ट्या झाल्या. वेळ गेला तो इथे.

एक जाड तार मात्र कुठेच जुळेना. डॅशबोर्डवरच्या एका जाळीच्या बुचामागे छोटी वेटोळ्याची तार होती, तिथून ही निघायची, फायरवॉलमधून इंजिनाकडे जायची आणि तिथे टेप गुंडाळून संपायची. मालकाने गावाहून जुन्या ड्रायव्हरला आणलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे. केबिनमध्ये चढताना मी हात दिला, तर म्हणाले, "सोड, मला पायरी ठाऊक हाय." सीटवर बसले आणि बोट थेट त्या जाळीवर ठेवलं.

"ह्यो डोळा. ह्यो लाल झाल्याबिगर सेल्फ मारायचा न्हाई. थंडीत आंबा घाटात लई येळ लागायचा लाल व्हायला."

ओएम 312 ला प्री-चेंबर होता, म्हणजे इंधन आधी सिलिंडरशेजारच्या छोट्या खणात पेटायचं. थंड इंजिन चालू करायला ग्लो प्लग, म्हणजे विजेने तापणारे प्लग, लागायचे, सहाही सिरीजमध्ये, आणि त्याच सर्किटमधलं वेटोळं डॅशबोर्डवर तापून लाल दिसायचं. 692 डीआयमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, त्याला हे लागत नाही. इंजिन बदलताना कुणीतरी प्लगकडची तार टेप मारून सोडून दिली होती. मी पहिल्याच आठवड्यात सगळं ओरबाडून काढलं असतं तर ही तार भंगारात गेली असती आणि अण्णांना डोळा दाखवायला काही उरलं नसतं.

बाकीचं काम सरळ आहे. सगळं जर्मन रंगांत परत बांधलं, तारा नव्या, सेल्फला जाड केबल, प्रत्येक थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून वर सोल्डर, अर्थसाठी चासी खरवडून स्वच्छ लोखंड. जुन्या तारांवर हेडलाइटला 9.6 व्होल्ट पोचत होते, आता 11.8 पोचतात. डायनॅमो लुकास पद्धतीचाच ठेवला, चांगला चालतो. त्याच्या तारांवर वेगळी पट्टी आहे आणि नकाशा केबिनच्या खणात प्लास्टिकमध्ये आहे.

डोळ्याची तारही नवी घातली. इंजिनाकडच्या टोकाला थिंबल आहे, वर स्लीव्ह आहे, पट्टीवर आकडा 47. मालक ओएम 312 शोधतो आहे.