उकिरड्याचे पांग

मास्कच्या दिवसांतली गोष्ट. डोक्यावर टोपी, नाकातोंडावर कापड आणि वाफेने धुरकटलेला चष्मा अशा अवतारात मी सोसायटीच्या गेटातून शिरत होतो. रोज सलाम ठोकणाऱ्या वॉचमनने अडवलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "कुणाकडे जायचंय?" मी माझ्याच फ्लॅटचा नंबर लिहायला घेतला, तेवढ्यात गाडीखाली पसरलेलं काळं कुत्रं उठलं, अंग ताणलं आणि माझ्या पायाशी येऊन शेपूट हलवू लागलं. वॉचमनने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, साहेब तुम्ही होय!"

तेव्हापासून आर्गोस डोक्यातून जात नाही. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'तला हा कुत्रा, नायक ओडिसियसचा. बारा हजारांहून जास्त ओळींच्या त्या महाकाव्यात, सतराव्या सर्गात, त्याच्या वाट्याला जेमतेम चाळीसेक ओळी आल्या आहेत. त्यांतच तो दिसतो आणि त्यांतच मरतो.

ओडिसियस वीस वर्षांनी इथाकाला, आपल्या राज्याच्या बेटावर, परतलाय. दहा वर्षं ट्रॉयच्या युद्धात गेली, दहा परतीच्या भटकंतीत. घरात त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेले टोळभैरव त्याच्याच डुकरांवर ताव मारताहेत, म्हणून अथीना देवीने त्याला म्हाताऱ्या भिकाऱ्याचं रूप दिलंय. डुकरं राखणारा इमानी यूमायस त्याला वाड्याकडे घेऊन येतो. तोही ओळखत नाही. दारापाशी खेचरांच्या लिदीचा आणि गुरांच्या शेणाचा ढीग पडलाय, शेतात खत म्हणून न्यायचा. त्यावर आर्गोस पडलाय, अंगभर गोचिडी.

माणसं बोलत येतात, तसे आर्गोस मान उचलतो, कान टवकारतो. आवाज ऐकला असेल. मग ओडिसियस जवळ येतो आणि तो शेपूट हलवतो, दोन्ही कान खाली पाडतो. एवढंच. उठून मालकापर्यंत जायची ताकद त्याच्यात उरलेली नाही.

घरी ज्याने कुत्रं पाळलंय त्याला त्या पाडलेल्या कानांचा अर्थ सांगावा लागत नाही. होमरने नक्की कुत्र्यांच्यात बसून वेळ घालवला असणार.

आता ओडिसियसची पंचाईत बघा. खाली वाकून थोपटलं तर सोंग उघडं पडणार. तो तोंड फिरवतो, यूमायसच्या नकळत डोळा पुसतो आणि विचारतो, "एवढा देखणा कुत्रा शेणात कसा? रूपासारखा पळायलाही चपळ होता, की श्रीमंतांच्या पंगतीला शोभेसाठी ठेवतात त्यातला?" ज्याला स्वतः लहानाचा मोठा केला, त्याची ही चौकशी! गळा दाटून आला की माणूस असंच काहीतरी भलतं विचारतो, आमच्याकडे "गाडी वेळेवर होती का?" असं विचारतात. यूमायस भाबडेपणाने सांगतो, की गर्द रानातलं सावज याच्या तावडीतून सुटत नसे. पण याचा धनी परमुलखात मेला आणि दासी काही बघत नाहीत. हे तो धन्याच्याच तोंडावर सांगतोय.

शिकारी कुत्रा वीस वर्षं जगतो का, अशी शंका काही जण काढतात. ज्या काव्यात जादूगारीण माणसांची डुकरं करते, तिथे कुत्र्याच्या जन्मदाखल्यावर कशाला अडून बसायचं?

मला गंमत वाटते ती वेगळीच. या घरात ओडिसियसला प्रत्येकाने पुरावा मागितलाय. मुलाला आधी वाटतं, हा कुणी देव आहे. म्हाताऱ्या दाईला पाय धुताना रानडुकराने केलेल्या जखमेचा वण सापडतो, तेव्हा पटतं. बायको पेनेलपी तर पलंगाचं गुपित काढून घेतल्याशिवाय नवऱ्याला जवळ करत नाही. बापाला वण दाखवावा लागतो, शिवाय लहानपणी त्याने दिलेली झाडं मोजून सांगावी लागतात: तेरा नासपती, दहा सफरचंदं, चाळीस अंजिरं. देवीने सगळ्यांच्या डोळ्यांचा बंदोबस्त केला, पण कुत्र्याचं करायचं राहूनच गेलं. की तिचं तिथे चाललंच नाही?

याच काव्यात, सातव्या सर्गात, अल्किनूस राजाच्या दाराशी सोन्याचांदीचे कुत्रे आहेत. देवांचा लोहार हिफायस्टस याने घडवलेले, अमर, कधीही म्हातारे न होणारे. कुणी आलं-गेलं तरी त्यांनी कान पाडल्याचं मात्र होमर सांगत नाही.

आपल्याला कुत्रा म्हटल्यावर युधिष्ठिराच्या मागे हिमालय चढणारा आठवतो. पण तो शेवटी धर्म निघाला, म्हणजे कुत्रा नव्हताच. आर्गोस कुणीच निघत नाही. आपण म्हणतो, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. इथाकातल्या उकिरड्याला वीस लागली, आणि फिटले ते घटकाभरच. विसाव्या वर्षी मालक दिसला आणि काळ्या मरणाने आर्गोसला नेलं.

ओडिसियस तेव्हा उंबरठ्याच्या आत होता की बाहेर, हे मी दरवेळी वाचताना शोधतो. यूमायस बोलणं संपवून वाड्यात शिरतो आणि लगेच पुढच्या ओळीत आर्गोस संपलेला असतो. पुढे भिकाऱ्याचं सोंग, शिव्याशाप, फेकून मारलेला स्टूल, धनुष्य, रक्त. खताची गाडी कधी आली आणि कुत्र्याला कुणी उचललं, ते होमर लिहीत नाही.

आमचं काळं कुत्रं हल्ली गाडीखालून उठत नाही. मी आलो की पडल्या पडल्या शेपूट एकदा जमिनीवर आपटतं. मीही हल्ली गेटातच पिशवी खाली ठेवून दोन मिनिटं वाकतो. वॉचमन बघतो.