बाबांचं ‘म्हणजे काय?’

मागच्या वर्षी एका ऑफिसात इंटरव्ह्यूला गेले होते. सीव्हीत झोकात लिहिलेलं, ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’. समोरच्या बाईंनी काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "या दोन शीट जुळवून दाखवा." व्हीलुकअप, म्हणजे एका शीटमधली नोंद दुसरीत शोधणारा फॉर्म्युला, मला येतो हो, पण खाली ‘एन/ए’ची, म्हणजे ‘सापडलं नाही’ची, रांग लागली आणि माझे हात गार पडले. इनव्हॉइस नंबरांच्या शेवटी एकेक स्पेस होती, म्हणून ते जुळत नव्हते, हे परतताना मुलुंड गेल्यावर सुचलं.

पुढच्या वेळी नेटवरचे ‘टॉप ५० प्रश्न’ बाजूला ठेवले आणि सीव्हीची प्रिंट बाबांच्या हातात दिली. बाबा बेस्टचे रिटायर्ड कंडक्टर. अकाउंट्समधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, तोच फायदा. एकेक ओळ वाचायची आणि विचारायचं, "म्हणजे काय?"

‘जीएसटी रिकन्सिलिएशन’पाशी गाडी अडली. तीनदा सांगितलं, तिन्हीदा फाफटपसारा. शेवटी म्हटलं, "बाबा, ड्यूटी संपल्यावर तुम्ही वेबिलावरचा तिकिटांचा हिशोब आणि बॅगेतली कॅश जुळवायचात ना? तसंच. आमच्या वहीतली खरेदीची बिलं एकीकडे, सप्लायरने सरकारला दाखवलेली दुसरीकडे."

"आणि कमी भरलं तर?"

"खरेदीवर दिलेल्या टॅक्सची तेवढी वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळत नाही. टॅक्स आपल्या खिशातून."

"मग आमच्यासारखंच की! महिन्याला किती बिलं?"

दोन वर्षं हेच काम करत होते, पण कधी मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोजली. चारशेच्या आसपास, त्यातली आठ-दहा अडकणारी.

इंटरव्ह्यू चकाल्याला. शहाणपणा करून आदल्या रविवारी डोंबिवलीहून रस्ता बघायला निघाले आणि मेगाब्लॉकमध्ये सापडले. मंगळवारी हाफ डे टाकून खऱ्या वेळेला पुन्हा गेले, तेव्हा कळलं की घाटकोपरला मेट्रोच्या रांगेतच पंधरा मिनिटं जातात.

तिथे विचारलं, "टूबीत बिल दिसत नाही, सप्लायर म्हणतो रिटर्न भरलंय. काय कराल?"

टूबी म्हणजे सप्लायरांनी सरकारला दाखवलेल्या बिलांची दर महिन्याला येणारी यादी. म्हटलं, आधी बिल नंबर, तारीख आणि आपला जीएसटी नंबर त्याने बरोबर टाकलाय का बघेन. मग जीएसटीआर-वन, म्हणजे त्याच्या विक्रीचा रिटर्न, कधी भरला ते विचारेन. दर महिन्याला भरणाऱ्याने ११ तारीख चुकवली असेल, तर १४ला येणाऱ्या टूबीत ते बिल नसतं, पुढच्या महिन्यात येतं. तोवर २० तारखेच्या थ्रीबीत, म्हणजे आपण टॅक्स भरतो त्या रिटर्नमध्ये, ते क्रेडिट घेणार नाही.

"अशी किती अडकतात महिन्याला?"

मला हसूच येणार होतं. "चारशेतली आठ-दहा."

नोकरी लागली. पगाराच्या प्रश्नाला मात्र मी ततपप केलं. त्याची तालीम बाबांकडे होण्यासारखी नव्हती. ‘किती पगार हवा?’ असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. जुन्या पगारात तीन हजार मिळवून मी आकडा सांगितला. साहेब लगेच "चालेल" म्हणाले. इतक्या लगेच, की तिथेच कळलं.